भिकाजीदादांचे एकोणपाच

कंपाउंडरला पेशंट ‘डॉक्टरसाहेब’ म्हणतात आणि डॉक्टर ‘अरे’ म्हणतात. या दोन हाकांच्या मधल्या एका खिडकीत माझी सगळी नोकरी गेली, आधी धारला आणि मग देवासला. दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा असा निरोप आला, तेव्हा आमच्या घरात हशाच पिकला. सौ. म्हणाली, “अहो, चिठ्ठ्या वाचून वाचून तुमचं अक्षर डॉक्टरांसारखं झालंय. ते लावणार कोण?” तेव्हा हा लेख छापून तुमच्या हाती आला असेल, तर त्याचं पुण्य छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळारीबुवांचं.

हल्ली औषधाच्या दुकानात गोळ्यांची पाकिटं कात्रीनं कापून देतात. आमच्या वेळी औषध खरोखर बनवावं लागायचं. डॉक्टर तपासून चिठ्ठी लिहीत. ती खिडकीतून आमच्याकडे यायची, आणि मग खल-बत्ता, काटा, मापाचे पेले आणि अर्कांच्या मोठ्या बरण्या यांच्यात आमची कसरत सुरू व्हायची. पूड असेल तर कागदाच्या पुड्या बांधायच्या. पातळ औषध असेल तर पेशंटनं घरून आणलेल्या बाटलीत ते ओतून बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवायची. पट्टीच्या कडेला कात्रीनं दाते पाडलेले असत. एक दाता म्हणजे एका वेळचं औषध. पट्टी झपझप दुमडून सारखे दाते पाडणं ही आमची कला. माझ्या लग्नात सासुरवाडीच्या मंडळींनी ‘मुलाच्या हातात काही कसब आहे का’ असं विचारलं होतं, तेव्हा वडिलांनी अभिमानानं हेच सांगितलं.

चिठ्ठीची एक गंमत होती. औषधाचं नाव लॅटिनमध्ये, तेही अर्धंमुर्धं, आणि माप रोमन आकड्यांत. घड्याळाच्या तबकडीवर असतात ते काड्यांचे आणि फुल्यांचे आकडे. एक उभी काडी म्हणजे एक, V म्हणजे पाच, X म्हणजे दहा, L म्हणजे पन्नास. शेवटची काडी असेल तर तिला डॉक्टर खाली शेपूट काढत, म्हणजे कुणी मागाहून आणखी काडी जोडू नये. इथवर सोपं आहे. खरी मेख पुढे आहे. काडी पाचाच्या नंतर आली तर सहा, आणि पाचाच्या आधी आली तर चार. तीच काडी, तोच पाच, नुसती जागा बदलली की माप दीडपट. कुचल्याचा अर्क बेतानं दिला तर माणसाला भूक लागते, आणि हात सैल सोडला तर माणूस ताठ होतो. म्हणून आम्ही लोक जेवायला बसल्यावरसुद्धा काड्यांकडे जपून बघायचो.

मी धारला दरबारच्या दवाखान्यात लागलो, तेव्हा संस्थान अजून होतं. तिथलं पहिलंच गिऱ्हाईक माझ्या लक्षात राहिलं आहे. बाग नावाच्या गावाहून आलेला एक छिपा होता, म्हणजे कापडावर ठसे उमटवणारा. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. मी नवखा. मला वाटलं रक्तच. मी कापूस आणि आयोडीन घेऊन धावलो, तर तो शांतपणे म्हणाला, “भिया, ये तो रंग है. मेरा तो पेट दुखता है.” मी त्याला पोटाचं गुलाबी मिक्श्चर करून दिलं. त्यानं बाटली उन्हात धरली, हलवली, पुन्हा धरली आणि माझ्याकडे दयेनं बघत म्हणाला, “रंग कच्चा है. दो धुलाई में उतर जाएगा.” पोट बरं झालं, पण त्याचं माझ्या कारागिरीबद्दलचं मत काही सुधारलं नाही.

संस्थानं विलीन झाली आणि माझी बदली देवासला झाली. देवासची तऱ्हा न्यारी. एकाच गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या बाजूला एक सरकार, त्या बाजूला दुसरं. राज्यं गेली तरी लोकांच्या डोक्यातून पात्या गेल्या नव्हत्या. पूर्वी काही हुशार लोक दोन्हीकडची औषधं घेत, आणि कोणत्या सरकारचं औषध जास्त कडू यावर ओट्यावर बसून वाद घालत. जास्त कडू ते जास्त गुणकारी, हे दोन्ही पात्यांना मान्य होतं.

देवासच्या खिडकीवर मला भिकाजीदादा भेटले. माझ्यापेक्षा बरेच वडील, चाळिशीला आलेले, पिळदार मिशांचे. त्यांचे वाडवडील दरबाराबरोबर दक्षिणेतून आलेले, पागेत घोडे सांभाळणारे. भिकाजीदादा मात्र दवाखान्यात लागले ते मागच्या हौदावर बाटल्या धुवायला. जुन्या डॉक्टरांनी पाहिलं की हा माणूस बरणीचं बूच काढून नुसत्या वासावर आतला अर्क ओळखतो. त्यांनी त्यांना उचलून खिडकीवर बसवलं. हौदापासून खिडकीपर्यंत अंतर ते केवढं, एक पडवी ओलांडली की झालं. पण ते ओलांडायला त्यांची अर्धी जवानी गेली होती. खिडकीपुढची खेड्यातली माणसं त्यांना “डाक्टर साब” म्हणून हाक मारत, तेव्हा ते मिशीवरून हात फिरवून मगच उत्तर देत.

त्यांची आणि माझी जोडी जमली. ते मला ‘वामनभिया’ म्हणत, मी त्यांना दादा. लोकांना औषध समजावून सांगण्यात त्यांचा हातखंडा. एकदाच काय ते फसले. लोहारद्याकडचा एक शेतकरी खोकल्याचं औषध घ्यायला आला होता. दादांनी बाटलीवरच्या पट्टीवर बोट ठेवून सांगितलं, “देख, रोज सुबह एक खाना, शाम को एक खाना.” त्यांना म्हणायचं होतं पट्टीवरचा एक खण. तो पुढच्या बाजाराला परत आला. बाटली काठोकाठ भरलेली, आणि पट्टी नाही. “डाक्टर साब,” तो म्हणाला, “कागद तो खइ ग्यो. आराम हे. अब या दवई को कई करूं?” दादा त्याला ओरडणार होते, पण खोकला खरोखर गेला होता. मग बोलायचं तरी काय! त्या दिवसापासून आमच्या खिडकीवर ‘खाना’ हा शब्द बंद झाला.

दादांना इंग्रजी येत नव्हतं. औषधांची नावं ते चित्रासारखी ओळखत. आकडे मात्र त्यांना मीच शिकवले. पूर्वी ते जुन्या डॉक्टरांना विचारून घेत, आणि नव्यांना वारंवार विचारायची त्यांना लाज वाटे. मी त्यांना नियम सांगितला: डावीकडून एकेक अक्षर घ्यायचं आणि त्याच्या पुढचं बघायचं. पुढचं मोठं असेल तर हातातलं वजा, नाहीतर मिळवत जायचं. दादा क्षणभर काड्यांकडे बघत राहिले आणि एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, “अरे भिया, यात काय मुश्किल! हे तर आपलंच. वीसला एक कम ते एकोणीस. तसं पाचाला एक कम ते एकोणपाच.”

तेव्हापासून चार हा आकडा आमच्या खिडकीवरून हद्दपार झाला. IV म्हणजे एकोणपाच, IX म्हणजे एकोणदहा. मी चिठ्ठी हातात देऊन “किती ग्रेन?” म्हटलं की ते काट्यावर वजनं ठेवत गंभीरपणे म्हणत, “एकोणपाच.” XIV आलं तर “दहा आणि एकोणपाच.” नवीन माणूस ऐकून चक्रावायचा, पण काट्यावर पडायचं ते बरोब्बर चौदा. त्यांचा हात मी कधी चुकलेला पाहिला नाही. खरं सांगायचं तर मलाही ती सवय लागली. एकदा घरी सौ.नं किती पोळ्या वाढू विचारलं, आणि मी ‘एकोणपाच’ म्हणालो. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

मग नव्या सरकारचा हुकूम आला. ज्यांच्याकडे कंपाउंडरकीचं सर्टिफिकेट नाही, त्यांची परीक्षा होणार. पास झाला तो खिडकीवर राहील, नापास झाला तो पूर्वीच्या कामावर जाईल. मी धारला सर्टिफिकेट घेतलं होतं, मला धास्ती नव्हती. दादांचं पूर्वीचं काम म्हणजे हौद. मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या माणसानं, ज्यांनी कालपर्यंत ‘डाक्टर साब’ म्हटलं त्यांच्याच देखत पुन्हा बाटल्या धुवायच्या. दादा चहा प्यायचं सोडून रोज दुपारी माझ्यासमोर जुन्या चिठ्ठ्या घेऊन बसू लागले. वहिनींनी त्यांना पांढराशुभ्र कोट शिवला. मी म्हटलं, दादा, तुम्ही पास झालात असं समजा. मला खात्रीच होती.

परीक्षेला एक साहेब आले. साहेब मराठीच होते, पण इंग्रजीतून मराठी. आमचे डॉक्टरही शेजारी बसले होते. मला चिठ्ठ्या पुढे करायला उभं केलं होतं, त्यामुळे सगळं डोळ्यांदेखत घडलं.

औषधं ओळखण्यात दादांनी बाजी मारली. साहेबांनी दोन बरण्यांची बुचं मुद्दाम बदलून ठेवली होती, तीसुद्धा दादांनी लांबूनच सांगितली. पुड्या सारख्या बांधल्या. चिठ्ठ्या वाचल्या. साहेबांनी IX दाखवलं, दादा म्हणाले, “एकोणदहा.” साहेबांनी मान वर केली. डॉक्टर घाईघाईनं म्हणाले, “नऊ, साहेब. बरोबर आहे.” साहेब हसले. वातावरण छान होतं.

मग साहेबांच्या मनात आलं की याला आकडे लिहायला सांगावेत. माणूस बिचारा इंग्रजी न शिकलेला, त्याला सोपं जावं म्हणून त्यांनी मेहेरबानीनं मराठीत सांगितलं, आणि तिथंच घात झाला. “लिहा, चार.” दादांनी IV लिहिलं. “नऊ.” IX. “चौदा.” XIV. “छान. लिहा, एकोणीस.”

दादा थांबलेसुद्धा नाहीत. एकोणीस म्हणजे वीसला एक कमी. वीस म्हणजे दोन फुल्या, त्यांच्या आधी एक काडी. त्यांनी ऐटीत लिहिलं: IXX.

खरं म्हणजे रोमन पद्धतीत एकोणीस लिहितात XIX, म्हणजे दहा आणि मग नऊ. हे मला ठाऊक, डॉक्टरांना ठाऊक. पण आमच्या दवाखान्यात एकोणीस ग्रेनची चिठ्ठी आल्याचं मला आठवत नाही. तो आकडा दादांनी आयुष्यात पाहिलेलाच नव्हता. साहेबांनी भुवया चढवल्या. “एकोणतीस लिहा.” IXXX. “एकोणपन्नास?” दादांना तर हा सगळ्यात सोपा. पन्नासचा L, त्याच्या आधी काडी. IL. कागद साहेबांकडे सरकवून ते मिशीवरून हात फिरवायला लागले. त्यांना वाटलं, मैदान मारलं.

साहेब कागद बघून म्हणाले, “हे रोमन आकडे नव्हेत. हे देवासचे आकडे.”

आमचे डॉक्टर भला माणूस. ते म्हणाले, “साहेब, लॅटिनमध्ये बोलताना एकोणीसला ‘वीसला एक कमी’ असंच म्हणतात. याचं डोकं अगदी रोमन माणसासारखं चाललंय.” साहेब म्हणाले, “बोलायला हरकत नाही. लिहायला आहे. जो आज चुकीचं लिहितो, तो उद्या चुकीचं वाचेल. औषधाशी खेळ नको.” त्यांचंही काही खोटं नव्हतं. ते दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर मला त्यांचा राग तरी नीट करता आला असता.

बाहेर पडवीत दादा कोटाची बटणं काढत मला म्हणाले, “पण भिया, मी लिवणार कशाला? लिवतात तर डॉक्टर. मला तर फक्त वाचायचं.” मी म्हटलं, दादा, अर्ज करू. ते म्हणाले, “अर्ज पण लिवावाच लागेल ना?” आणि हसले. मला मात्र रडू आलं, आणि मी बरण्या पुसायच्या निमित्तानं आत गेलो.

हौदावर ते गेले नाहीत. त्यांनी स्वतः होऊन उदयनगरची बदली मागून घेतली. जंगलातला दवाखाना, तिथं जायला कुणी तयार नसे, त्यामुळे ती चटकन मिळाली. कागदोपत्री ते मलमपट्टी करायला गेले. प्रत्यक्षात डॉक्टर यायचे अधूनमधून आणि कंपाउंडर टिकायचा नाही. मग खिडकीवर बसणार कोण? जिथं मोटार पोचत नव्हती, तिथं हुकूम कसा पोचणार! तिकडचा एखादा माणूस देवासला आला की सांगायचा, आमच्याकडे एक मिशावाले डाक्टर साब आहेत, वासावर दवा देतात. मी म्हणायचो, वासावर नव्हे, काट्यावर देतात, आणि एकोणपाच म्हणाले तर घाबरू नका.

आता सांगण्यासारखी खरी चिडायची गोष्ट. पुढे थोड्याच वर्षांत मेट्रिक मापं आली. ग्रेन गेले, ग्रॅम आले, आणि चिठ्ठ्यांवर साधे एक-दोन-तीन आकडे दिसू लागले. ज्या काड्यांपायी दादांची खिडकी गेली, त्या काड्याच गेल्या. मग तयार गोळ्या आल्या आणि मिक्श्चरही गेलं. माझ्या हातातलं दाते पाडायचं कसब शेवटी नातवंडांच्या वाढदिवसाच्या पताका कापायला उपयोगी पडलं. दादा निवृत्त होऊन लोहारद्याला मुलाकडे राहायला गेले असं कळलं. दरवर्षी जाईन जाईन म्हणायचो, पण जाणं झालं नाही.

गेल्या हिवाळ्यात आमची नात मंजिरी सुट्टीत इंदूरहून आली. ती कॉम्प्युटर शिकते. मशीन घरी आणलं होतं आणि दिवसभर त्याच्यापुढे टकटक चालायची. मी विचारलं, काय करतेस? ती म्हणाली, “आजोबा, प्रोग्राम लिहितेय. रोमन आकडा टाकला की मशीन त्याचा आपला आकडा सांगेल.” मी खुर्ची ओढून जवळ बसलो. मशीन हे कसं ओळखतं, विचारलं. तिनं समजावलं: “ते लेफ्टनं एकेक अक्षर उचलतं आणि नेक्स्टवालं बघतं. नेक्स्टवालं मोठं असेल तर घटवतं, नाही तर जोडतं. बस, इतकंच.”

मी म्हटलं, पोरी, हा प्रोग्राम मी एका मिशावाल्या मशीनमध्ये कधीच घातला होता. तिला काही कळलं नाही. मी म्हटलं, टाक, IXX.

“आजोबा, ये तो गलत है ना. असं लिहीतच नाही.”

“मला माहीत आहे. तू टाक तर.”

तिनं टाकलं. काडी फुलीपेक्षा लहान, म्हणून एक वजा. पहिली फुली दहा, दुसरी फुली दहा. पडद्यावर आकडा उमटला: 19.

“एकोणीस,” मी म्हणालो. माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“एकोणीस म्हणजे उन्नीस ना?” मंजिरीनं विचारलं. आमच्या घरात आता ही पाळी आली आहे. मी म्हटलं, हो, उन्नीस. आता IL टाक. 49. IXXX टाक. 29. मशीननं भुवई चढवली नाही, देवासचे आकडे म्हणालं नाही. मंजिरी मात्र कपाळाला आठ्या घालून म्हणाली, “हे तर ठीक नाही. गलत लिहिलेलं अडवायला एक चेक टाकावा लागेल.” साहेबच बोलले जणू! मी म्हटलं, टाक बाई, नियमच आहे तो. पण आधी एवढं मला कागदावर काढून दे.

दुसऱ्या दिवशी मी लोहारद्याची बस धरली.

दादा ओसरीवर बाजेवर पाय पसरून बसले होते. मिशा पांढऱ्याफेक, ऐकू कमी. ओळखायला थोडा वेळ लागला आणि मग “अरे वामनभिया!” म्हणून त्यांनी माझा हात जो धरला तो सोडेनातच. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी कागद काढला आणि मोठ्यानं, कानाजवळ तोंड नेऊन, सगळं सांगितलं. मशीन काय करतं, काडी आधी आली की काय होतं, आणि त्यांनी त्या दिवशी लिहिलेले तीनही आकडे त्यानं कसे बरोबर वाचले. दादांनी कागद डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, बोटानं काडी चाचपली. मग म्हणाले, “साहेब आहेत अजून?”

“नाही, दादा. केव्हाच गेले.”

“हां,” ते म्हणाले. “जायचेच.”

तेवढ्यात आतून सुनेनं भांड्यांच्या आवाजातून विचारलं, “बाबूजी, कौन आए हैं?”

“देवास के दवाखाने वाले वामनभिया,” दादा तिच्यापेक्षा मोठ्या आवाजात ओरडले. “मेरा रिजल्ट लाए हैं.”

“कैसा रिजल्ट? क्या रहा?”

“पास,” भिकाजीदादा म्हणाले, आणि पाय खाली घेऊन त्यांनी मला बाजेवर बसायला जागा केली.